बंब येईपर्यंत

(जिल्हा मेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण. ज्यांना मेळाव्याला येता आले नाही त्यांना गावात वाचून दाखवावे.)



कापसाच्या भावावर बोलायला दुपारच्या सत्रात जाणकार मंडळी आहेत. मला सकाळचा तास मिळाला आहे आणि या तासात मी आगीवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आधीच काय कमी आग लागली आहे आपल्याला? खरे आहे. पण आज मी पोटातल्या आगीवर बोलत नाही. गोठ्याला लागते, कडब्याच्या गंजीला लागते, जिनिंगच्या आवारात लागते, त्या आगीवर बोलतो आहे. आणि आपली पोरे पोट भरायला जिथे गेली आहेत, त्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात लागते, त्या आगीवरही.

कोरडवाहू गावातला असा एक माणूस दाखवा, ज्याचे कोणी तिकडे नाही. कपाशी बोंडअळीने नेली, ज्वारी पाखरांनी नेली, म्हणून पोरगा दहावी-बारावी करून कंत्राटदाराच्या गाडीत बसला आणि चाकणला उतरला. मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या गावच्या अशाच पोरांना भेटायला गेलो होतो. आज जे सांगणार आहे ते तिथून सुरू झाले.

तीन पोरांची तीन उत्तरे

पोरे दहा जण एका खोलीत राहत होती. खाली गोदाम. लाकडी पेट्या, पुठ्ठा, प्लॅस्टिक छतापर्यंत रचलेले. बाजूने एक लोखंडी जिना, तोच वर जायला आणि तोच खाली यायला. जिन्याखाली गॅसची टाकी आणि चार मोटारसायकली. पाळी संपवून आलेली पोरे दिवसा झोपतात, दिवसा गेलेली रात्री झोपतात. खोलीतले अंथरूण कधी थंड पडत नाही.

मी सहज विचारले, "खाली आग लागली तर कुठून उतराल?" पोरे हसली. मग एकाने जिन्याकडे बोट दाखवले. मी म्हटले, "जिनाच पेटला तर?" कोणी बोलले नाही.

मग विचारले, "फोन कोणाला कराल?" एक म्हणाला, "मुकादमाला." दुसरा म्हणाला, "१०० नंबरला." तिसरा म्हणाला, "काका, आधी घरी करीन." हे तिसरे उत्तर माझ्या काळजात रुतले. पाचशे किलोमीटरवरचा बाप फोन घेऊन करणार काय?

दुसऱ्या दिवशी मी त्या पट्ट्यातल्या एका अग्निशमन केंद्रात गेलो. म्हटले, मी शेतकऱ्यांचा कार्यकर्ता, कृषीचा पदवीधर. तुमचे काम बघायचे आहे, दोन दिवस कोपऱ्यात बसू द्या. त्यांनी बसू दिले, चहाही पाजला. तिथे जे पाहिले ते तुम्हाला सांगतो.

फोन आला, पण आग कुठे आहे?

अग्निशमन केंद्र म्हटले की आपल्याला लाल गाडी आणि घंटा आठवते. पण सगळे काम सुरू होते टेबलावरच्या फोनपासून. फोनवरचा माणूस किती शांत आहे आणि फोन करणारा काय सांगतो, यावर पुढचे ठरते.

बहुतेक फोन असे असतात: "आग लागली, लवकर या!" आणि फोन बंद. कुठे लागली? कशाला लागली? आत माणूस आहे का? काही नाही. फोनवरचा जवान उलटा फोन लावतो, तर तो व्यस्त. कारण तो माणूस आता दुसऱ्या दहा जणांना तेच सांगत असतो. कोणी म्हणतो, "कंपनीच्या मागे." अहो, चाकणला कंपनीच्या मागे कंपनीच आहे!

पत्ता कळला तरी कोणाची गाडी निघायची हा प्रश्न असतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे मुख्य केंद्र संत तुकारामनगरला आहे. भोसरी, प्राधिकरण, रहाटणी, तळवडे, चिखली इथे उपकेंद्रे आहेत. चाकणकडे नगरपरिषद वेगळी, एमआयडीसी वेगळी, पीएमआरडीए वेगळे. मोठी आग असली तर सगळे एकमेकांना बोलावतात आणि बोलवायलाच हवे. वर पुणे-नाशिक रस्त्यावरची आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरची वाहनांची रांग. तिथे गेलेल्याला ती सांगायला नको. भोंगा कितीही वाजवला तरी कंटेनर बाजूला घ्यायला जागाच नसते.

म्हणून फोनवरचा जवान पाच गोष्टी विचारतो. ठिकाण कोणते आणि जवळची खूण कोणती. काय पेटले आहे. आत कोणी अडकले आहे का. गाडी कोणत्या रस्त्याने आत येईल. आणि तुमचा नंबर काय. ही पाच उत्तरे द्यायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट वाचवायला गेलेला माणूस पुढचा अर्धा तास घालवतो.

बुद्रुक की खुर्द?

तुम्ही म्हणाल, अडाणी माणूस घाबरतो, तो काय सांगणार. तर ऐका. ही चूक मी स्वतः केली आहे. कृषी पदवीधराने केली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना, दुपारची वेळ, वारा सुटलेला. आमच्या चुलत्यांच्या गोठ्याला लागून कडब्याची गंजी होती. विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली. मी ओट्यावरच होतो. तालुक्याच्या अग्निशमनाला फोन मीच केला. गावाचे नाव सांगितले, "ताबडतोब या" म्हटले आणि फोन ठेवून बादली घेऊन धावलो.

आमच्या तालुक्यात त्या नावाची दोन गावे आहेत, एक बुद्रुक आणि एक खुर्द. आम्ही खुर्दचे. मी नुसते नाव सांगितले. बंब बुद्रुकला गेला. तिथल्या लोकांनी सांगितले, इथे काही नाही, तेव्हा तो मागे फिरला. मी धावपळीत फोन ओट्यावर टाकून गेलो होतो. त्यावर त्यांचे चार फोन येऊन गेलेले मी नंतर पाहिले.

बंब गावात आला तो दीड तासाने. आणि आला तरी गल्लीत शिरेना, कारण गल्लीत आमचीच ट्रॉली उभी होती, कपाशीच्या पऱ्हाट्यांनी भरलेली. एक बैल दावे तोडून निघाला होता. दुसरा निघाला नाही. चुलते त्या बैलाच्या जागी आजही काही बांधत नाहीत.

पुढे सहा महिने मी सरकारला शिव्या दिल्या. बंब उशिरा आला म्हणून सभेत भाषणे केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण "खुर्द" हा एक शब्द मी सांगितला नव्हता, हे मात्र कोणत्याच सभेत सांगितले नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे. दुसऱ्याला जाब विचारायचा तर आपला हिशेब आधी चोख हवा, म्हणून सांगतो आहे.

रोज सकाळी कवायत

आता त्या केंद्रात काय पाहिले ते बघा. आग नाही त्या दिवशी हे लोक काय करतात? सकाळी हजेरी, मग कवायत. गाडीचा पंप चालू करून बघायचा. पाण्याची टाकी भरलेली आहे का, डिझेल आहे का, नळ्या फाटल्या आहेत का. मग नळी पसरायची आणि गुंडाळायची. पुन्हा पसरायची, पुन्हा गुंडाळायची. शिडी लावायची, चढायचे, माणूस खांद्यावर घेऊन उतरायचे. दोरीच्या गाठी मारायच्या, डोळे मिटून मारायच्या, कारण धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो.

मी एका जुन्या जवानाला विचारले, "इतकी वर्षे झाली, अजून नळी गुंडाळायला शिकता?" तो म्हणाला, "साहेब, तुमचा बैल नांगराला कसा शिकतो? घाबरलेल्या माणसाची अक्कल चालत नाही, सवय चालते." कृषी महाविद्यालयात चार वर्षे घालवली, पण असे एका वाक्यात शिकवणारे तिथे फार भेटले नाहीत.

हे शिक्षण साधे नाही. जवानाला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी राज्याची संस्था मुंबईत सांताक्रूझला आहे. आणि देशभरचे अग्निशमन अधिकारी जिथे घडतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. १९५६ मध्ये ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. संत्र्यासाठी आणि अधिवेशनासाठी आपण नागपूरला ओळखतो. आपल्या पोरांनी हेही ओळखावे. कंत्राटी हेल्परपेक्षा हे शिक्षण वाईट नाही, आणि आता यात मुलीही येत आहेत.

जवान पाठीवर हवेची टाकी बांधून धुरात शिरतो. कागदावर ती हवा अर्धा-पाऊण तास पुरते. घाबरून धापा टाकल्या तर तेवढीही पुरत नाही. हवा संपत आली की शिटी वाजते आणि तेव्हा बाहेर यावेच लागते, आत कोणी हाक मारत असले तरी. हे ऐकल्यावर मी बंबाला उशीर झाला म्हणून त्या जवानांच्या अंगावर धावून जाणाऱ्यांत पुन्हा सामील होणार नाही, असे ठरवले.

आता पाण्याचा हिशेब करू, आपण हिशेबाची माणसे. बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असते असे धरा. एका नळीतून मिनिटाला ४०० लिटर गेले तर टाकी सव्वाअकरा मिनिटांत रिकामी. दोन नळ्या लावल्या तर सहा मिनिटेही नाहीत. त्यानंतर पाणी कुठून? शहरात टँकर मागे येतात. आपल्या गावात विहिरीवर मोटर असते, पण दुपारी शेतीची वीज नसते, आणि आग लागल्यावर तारा बंदच करायच्या असतात. म्हणजे बंब आला तरी पाणी भरायची सोय आपणच आधी करून ठेवलेली हवी. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. आग लागल्यावर तर मुळीच खणू नये.

आधी दार, मग आग

त्या पट्ट्यातल्या तीन घटना सांगतो. वर्तमानपत्रात आलेल्या आहेत, सगळ्यांना माहीत आहेत.

७ जून २०२१. मुळशी तालुक्यात उरवडे इथे पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बाया. आत शिरायला जेसीबीने भिंत फोडावी लागली.

३० ऑगस्ट २०२३. चिखलीच्या पूर्णानगरात पहाटे एका दुकानाला आग लागली. दुकानातच पोटमाळ्यावर कुटुंब झोपलेले होते. आई, वडील आणि दोन मुले, चौघेही गेली.

८ डिसेंबर २०२३. तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणारा कारखाना परवानगीविना चालला होता. स्फोट होऊन आग लागली. सहा बाया त्याच दिवशी गेल्या, पुढे दवाखान्यात आणखी गेल्या. तळवड्यात अग्निशमनाचे उपकेंद्र आहे, ते मी मघाशी सांगितले. पण शोभेच्या दारूला पेट घ्यायला क्षण पुरतो. केंद्र शेजारी असले तरी दारू वाट बघत नाही.

या तिन्ही ठिकाणी मेलेले कोण होते? हातावर पोट असलेले. तीनशे-चारशे रुपये रोजाने पुड्या भरणाऱ्या बाया, दुकानातच संसार मांडलेले कुटुंब. आपल्यासारखेच, कदाचित आपल्यातूनच तिकडे गेलेले.

बंब येईपर्यंत माणूस जगला पाहिजे, आणि तो जगतो तो दारामुळे. दुसरे दार, उघडी खिडकी, मोकळा जिना. धूर ज्वाळेच्या आधी मारतो. धुरात उभे राहिले तर दोन श्वासांत घेरी येते. जमिनीलगत हवा बरी असते, म्हणून रांगत बाहेर पडायचे. सामान घ्यायला मागे फिरायचे नाही. ही गोष्ट कोणत्याही कंत्राटदाराने आपल्या पोरांना सांगितलेली नाही. ती आपण सांगायची.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे आणि डिसेंबर २००८ पासून लागू आहे. आगीची साधने बसवणे आणि चालू ठेवणे ही मालकाची आणि जागा वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. ती चालू आहेत असा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. दाखला फाईलमध्ये असतो. दाराला कुलूप असते. या दोहोंमध्ये माणूस मरतो. कुदळवाडीच्या भंगार गोदामांना वर्षानुवर्षे आगी लागत राहिल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली. तोवर आगी विझवणे चालू होते आणि गोदामे वाढणेही चालू होते.

काय पेटले आहे?

फोनवरच्या पाच प्रश्नांतला दुसरा प्रश्न आठवा: काय पेटले आहे? कापूसवाल्यांना हा प्रश्न सगळ्यात जवळचा आहे. त्याची एक जुनी गोष्ट सांगतो.

१४ एप्रिल १९४४. महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. आणि त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी होत्या. दुपारी धूर दिसला. अग्निशमनाने ९०० टनांवर पाणी ओतले, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. जळता कापूस शहरावर पडला. शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

दाबलेल्या गाठीच्या पोटात ठिणगी गेली की ती दिवसेंदिवस धुमसते. वरून पाणी मारले तर वरचा थर भिजतो, आत पोचत नाही. गाठ बाहेर काढून, मोकळ्यावर नेऊन, फोडून विझवावी लागते. जिनिंगवाल्यांना हे माहीत असते, हमालांना माहीत असते. कपाशीत खिळा, तार, गारगोटी गेली की जिनिंगच्या यंत्रात ठिणगी पडते. म्हणून वेचणीच्या वेळी पोत्यात काय जाते यावर घरातल्या बाईची नजर असते, ती मालाच्या प्रतीसाठी जितकी, तितकीच आगीसाठी. कडब्याचेही तसेच. ओला कडबा दाबून रचला की आतून तापतो. गंजीत हात घालून बघा. ऊब लागली तर उलगडा.

दुसरी गोष्ट परदेशातली, पण खताची. अमेरिकेत टेक्सास राज्यात वेस्ट नावाचे लहान गाव आहे. १७ एप्रिल २०१३ रोजी तिथल्या खताच्या गोदामाला आग लागली. गावातलेच लोक, शेतीभाती आणि दुकाने सांभाळून स्वयंसेवेने आगी विझवणारे, गाडी घेऊन धावले. आत अमोनियम नायट्रेट होते. त्याचा स्फोट झाला. १५ जण गेले, त्यांतले १२ मदतीला धावलेले. ते खत आगीत काय करते याचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते, हे पुढे चौकशीत निघाले. धैर्य होते, गाडी होती, माहिती नव्हती.

आपल्या घरात काय असते? एका कोपऱ्यात खताची पोती, फळीवर कीटकनाशके, फवाऱ्याचे पेट्रोल, गॅसची टाकी आणि शेजारी कापूस. भाव येईल म्हणून झोपायच्या खोलीतच छतापर्यंत भरलेला कापूस! त्यातून विजेची तार गेलेली आणि खाली बिडी ओढणारा म्हातारा. भाव मिळत नाही म्हणून कापूस घरात आणि कापूस घरात म्हणून लेकरे धोक्यात. हा भावाचाच प्रश्न आहे, दुपारच्या सत्रात तो येईलच. पण भाव मिळेपर्यंत तार तरी बदला, चूल आणि कापूस यांत भिंत तरी ठेवा. औषधे वेगळ्या खोलीत ठेवा. ती पेटली तर त्यांचा धूर विषारी असतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा आणि बंबवाल्याला आधी सांगा की आत औषध आहे.

शहराला बंब, गावाला बादली

आता सरकारच्या हिशेबाकडे येऊ. मी माझा हिशेब दिला, आता त्यांचा मागायला मोकळा आहे.

१९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. एकीने पंचायतींना २९ विषय दिले, ते अकराव्या परिशिष्टात आहेत. दुसरीने नगरपालिकांना १८ विषय दिले, ते बाराव्या परिशिष्टात आहेत. दोन्ही यादी उघडून बघा. नगरपालिकांच्या यादीत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या २९ विषयांत जत्रा-बाजार आहे, वाचनालय आहे, इंधन आणि वैरणही आहे, अग्निशमन नाही. वैरण आमची, तिची आग मात्र कोणाची नाही!

केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष असा, की शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत बंब पोचावा. तालुक्याहून ३० किलोमीटरवर गाव असेल आणि आपल्या रस्त्यांवर बंब तासाला ४० किलोमीटरने धावला, तर ४५ मिनिटे होतात. निकष पाळायचा तर बंब १३-१४ किलोमीटरच्या आत हवा. आपल्या किती गावांपासून तो इतक्या जवळ आहे, हे घरी जाऊन मोजा आणि जिल्ह्याच्या बैठकीत आकडा घेऊन या. मागणी आकड्याने करायची, आरोळीने नाही. मोठ्या बाजारपेठेच्या गावी, जिथे जिनिंग आहे आणि बाजार समिती आहे, तिथे बंब आणि शिकलेले जवान हवेत. नुसती गाडी नको. चालक आहे पण जवान नाही, जवान आहे पण कवायत नाही, अशी गाडी २६ जानेवारीच्या संचलनाला बरी.

पुढच्या महिन्यातली कामे

मागणी चालू राहील. पण कडबा आत्ता रचलेला आहे. म्हणून घरी गेल्यावर करायची कामे सांगतो. लिहून घ्या.

पहिले. आपल्या तालुक्याच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर आणा. १०१ आणि ११२ सगळ्यांना पाठ असावेत, भाजलेल्या माणसासाठी १०८. पण आपल्या गावातून मोबाईलवर १०१ लावला तर फोन कुठे लागतो, हे केंद्रात विचारून खात्री करा. ते नंबर शाळेच्या, दूध डेअरीच्या आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर रंगवा. खाली गावाचे पूर्ण नाव लिहा. बुद्रुक असेल तर बुद्रुक, खुर्द असेल तर खुर्द!

दुसरे. फोन एकाने करायचा आणि त्याने दुसरे काही करायचे नाही. पाच उत्तरे द्यायची आणि फोन हातात ठेवायचा. दुसऱ्याने फाट्यावर जाऊन उभे राहायचे. रात्री बॅटरी घेऊन.

तिसरे. गल्ली मोकळी. ट्रॉली, बैलगाडी, पऱ्हाट्यांचा ढीग रस्त्यात नको. गंजी घरापासून आणि गोठ्यापासून लांब, विजेच्या तारेखाली नाही, आणि एका मोठ्या गंजीऐवजी अंतराने दोन लहान.

चौथे. पाणी. उन्हाळ्यात गावातला एक टँकर भरून उभा असू द्या, ट्रॅक्टरवर चालणारा पंप त्याला जोडलेला. विजेवर विसंबू नका. फवाऱ्याचे पाठीवरचे पंप घरोघरी आहेत. धुऱ्यावरच्या गवताची आग पहिल्या मिनिटांत त्यांनी आवरते. पण पंप आधी स्वच्छ धुतलेला हवा, औषधाचा नको. विजेची आग असेल तर तार बंद झाल्याशिवाय पाणी मारायचे नाही, तेलाच्या आगीवर पाणी मुळीच नाही.

पाचवे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी. हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको.

सहावे. येत्या १४ एप्रिलला अग्निशमन केंद्राचे जवान गावात बोलवा. बंब गल्लीत शिरतो का ते त्यांनाच बघू द्या. एक खोटी आग लावून खरी कवायत करा. बायांना आधी बोलवा, कारण दुपारी गावात त्याच असतात.

आणि सातवे काम आज रात्रीचे. चाकणला, भोसरीला, तळवड्याला असलेल्या पोराला फोन लावा. जेवलास का विचाराल, पगार झाला का विचाराल. त्यानंतर विचारा: बाळा, तुझ्या खोलीला दुसरे दार आहे का? कारखान्यातले दुसरे दार कुठे आहे, ते उघडते का? आग लागली तर आधी बाहेर पड, मग १०१ लाव, मग पत्ता नीट सांग. घरी फोन सगळ्यात शेवटी कर. आम्ही वाट बघू.

माझा पुतण्या त्याच खोलीत राहत होता. मी परत आल्यावर पोरांनी मालकाशी भांडून जिन्याखालची गॅसची टाकी हलवली आणि मागच्या खिडकीचा गज काढून घेतला. एवढेच झाले. फार मोठे काही झाले नाही. पण परवा त्याने फोनवर सांगितले, "काका, दोरी पण आणून ठेवली. गाठ मारायला शिकतो आहे."

चुलत्यांच्या गोठ्यात दावे कापायला एक विळा आता खुंटीला कायम टांगलेला आहे. तुमच्याही गोठ्यात टांगा.

एवढे बोलून मी थांबतो.